यलो अलर्ट जिल्ह्याला, गारा चार गावांना. मग अंदाज चुकला का?

बुलढाणा : विजांसह वादळी पावसाचा ‘यलो अलर्ट’ आला की गावाच्या ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक ताडपत्री शोधायला लागते. दुसरी लिहिते, “मागच्या वेळीही असंच सांगितलं, थेंब नाही पडला.” दुसऱ्यांचं म्हणणं खोटं नसतं. पण तेवढ्यावरून अंदाज चुकला असं होत नाही.

मेसेजमध्ये रंगापेक्षा महत्त्वाचा शब्द असतो ‘तुरळक ठिकाणी’. हवामान खात्याच्या भाषेत याचा अर्थ त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव ठिकाणी. म्हणजे चारपैकी तीन गावं कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच धरला जातो. ‘काही ठिकाणी’ म्हटलं तर निम्म्यापर्यंत. आपला जिल्हा तेरा तालुक्यांचा, घाटावर एक हवा आणि घाटाखाली दुसरी. मलकापुरात ऊन आणि सिंदखेडराजात गारा, हे एकाच दुपारी होऊ शकतं.

आदल्या दिवशी गाव का सांगता येत नाही? खालची हवा तापलेली आणि ओलसर, वर थंड कोरडी हवा, आणि खालची हवा वर ढकलणारं काहीतरी, एवढं जुळलं की वादळी ढग उभा राहतो. हा मसाला कोणत्या दिवशी जमणार हे एक-दोन दिवस आधी कळतं. ढग नेमका कोणत्या शिवारावर फुटणार हे तो उभा राहू लागल्यावरच दिसतं. त्यात नागपूरचं रडार बुलढाण्यापासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यानं इतक्या लांबवर त्याचा किरण पाच-सहा किलोमीटरच्याही वरून जातो, ढगाचा खालचा भाग त्याला दिसत नाही. ही खरी अडचण आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

अमेरिकेत ओक्लाहोमा, कान्सासकडे वादळाच्या मागे गाड्या घेऊन फिरणारे हौशी लोक आहेत. तेही सकाळच्या अंदाजावर फक्त भाग ठरवतात. गाडी कुठं वळवायची ते दुपारी रडार बघून. आपल्याला वादळामागे जायचं नाही, तेच आपल्या सुडीवर येतं. पण रीत तीच कामाची. आदल्या दिवशीच्या अलर्टवर सोंगणी थांबवायची, सोंगलेला हरभरा गोळा करून ताडपत्री जवळ ठेवायची. ऑरेंज असेल तर रातच्यालाच झाकून घ्यायचं. मग दुपारी पुढच्या तीन तासांचा इशारा बघायचा. तो ‘मौसम’ ॲपवर येतो. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ आहे, ते २० आणि ४० किलोमीटरच्या घेऱ्यातली वीज दाखवतं. २० च्या आत दिसली की झाडाखालून निघून पक्क्या घरात जायचं. पोतं झाकायचं राहिलं तर राहू द्या.

भेंडवळच्या घटमांडणीला अक्षय तृतीयेला गर्दी होते, तिचा मान वेगळा. पण उद्या चारला गारा पडतील का, हे घट सांगत नाही.

नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी घाटावर गारांनी आणि वाऱ्यानं शेडनेट फाडले, बीजोत्पादनाचे प्लॉट बसले. त्या वेळी ७२ तासांत नुकसानीची तक्रार करून विमा मागता येत होता. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा गेला आणि गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीची ती वाटही राज्यानं बंद केली. आता भरपाई मंडळाच्या पीक कापणी प्रयोगावर. चारच गावांत गारा पडल्या तर मंडळाच्या सरासरीत त्या दिसतीलच असं नाही. म्हणून झाकलेली सुडी हाच विमा उरलाय.

आणि तीन तासांचा इशारा शेतात रेंज नसलेल्यापर्यंत पोचत नाही. ग्रामपंचायतीचा भोंगा पाणी सोडल्याचं सांगायला वाजतो. मार्च ते मे दुपारच्याला त्यावरून हा इशाराही सांगावा, खर्च काहीच नाही. ग्रामसभेत हा विषय घ्यायला हरकत नसावी.