सोवळ्यातली सुई

व्हिक्टोरियाकालीन कपडे नव्याने शिवणाऱ्या आम्हा हौशी मंडळींत एक कर्मठ जमात आहे. मशीनची टीप दिसली की यांना विटाळ होतो. इथे इंग्लंडात डिकन्सच्या नावाने उत्सव भरतात, आम्ही घेरदार झगे घालून मिरवतो, आणि एखादी बाई न विचारता माझी बाही उलटी करून बघते. ‘‘मशीनवर मारलंय?’’ स्वर असा, की जणू मी एकादशीला बोंबील तळलेत!

बाई गं, तुझी राणी 1837 ते 1901 गादीवर होती. सिंगरचं पेटंट 1851चं. तू घातलायस तो पोलादी कड्यांचा पिंजरा, म्हणजे क्रिनोलिन, बाजारात आला 1856 साली, आणि पुढच्या दशकातल्या झग्यांच्या लांब शिवणी सर्रास मशीनवरच्या आहेत. म्हणजे क्रिनोलिन नातीचा आणि सोवळं आजीचं!

बरं, हाताने शिवलेल्या अस्सल झग्याची आतली बाजू यांनी कधी नीट पाहिलीय? घेराचे पन्ने लांब धावदोऱ्याने जोडलेले. अंगातल्या भागाच्या कडा कच्च्या, सुटू नयेत एवढ्यापुरते तिरके टाके. बाहेर रेशीम, आत उरकाउरकी. आमचे कर्मठ मात्र आतली कडन् कड पट्टी लावून झाकतात आणि त्याला अस्सल म्हणतात. जे कधी तसं नव्हतंच, त्याची ही नक्कल.

उरकाउरकी का होती, तेही ऐका. जून 1863, लंडन. युवराजाच्या नव्या नवरीच्या सन्मानार्थ नाच होता, बड्या बायकांना झगे तातडीने हवे होते. मेरी ॲन वॉकली, वय 20, सलग साडेसव्वीस तास शिवत बसली. शुक्रवारी आजारी पडली, रविवारी मेली. मार्क्सने ‘भांडवल’मध्ये तिची हकिगत नोंदवलीय. हातशिलाईची थोरवी तिला सांगून बघायला हवी होती.

पॉलिएस्टर मलाही खपत नाही, हे कबूल. ते रेशमासारखं पडत नाही, उन्हात भलतंच चकाकतं. दहा पावलांवरून कळतं. टीप कळत नाही. काजं आणि हूक मी हातानेच करते, कारण तिथे हात बरा चालतो. एवढाच माझा धर्म.

बॉनेट टोपीवर तर यांचे वाद विचारू नका. बकरमच्या सांगाड्याला तार कशी टाचली, मानेवरच्या पडद्याला चुण्या किती, रिबीन कुठली! वर खोचायच्या हिरव्या पानाफुलांबद्दल मात्र चकार शब्द नाही. त्या काळचा तो झळझळीत हिरवा रंग आर्सेनिकचा. 1861मध्ये मटिल्डा शूरर ही 19 वर्षांची पोर अशा कृत्रिम पानांवर ती भुकटी लावता लावता विषबाधेने गेली. तो अस्सल रंग यांच्यापैकी एकालाही नको असतो. तिथे दुकानातला बिनविषारी हिरवा बिनतक्रार चालतो. मग माझ्या टिपेनेच यांचं काय घोडं मारलंय?