श्वास कोंडून पाहा

वैद्यकीय शिक्षणाच्या उंबरठ्यावरील नीट परीक्षेच्या तयारीस लागलेल्या आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी श्वसनसंस्थेच्या आकड्यांचा घोष नित्य ऐकू येतो. साध्या एका श्वासात ५०० मिलिलिटर हवा. मिनिटास १२ ते १६ श्वास. वायुकोशांत प्राणवायूचा आंशिक दाब पाऱ्याचे १०४ मिलिमीटर. आकडे पाठ असावेत, याबद्दल आमचा वाद नाही. २०२५ साली या परीक्षेच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे होते आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होत असे. तेव्हा पाठांतरास हसणे कोणासही परवडणारे नाही. परंतु पाठ झाले म्हणजे प्रकरण समजले, ही समजूत आम्हांस मुळीच मान्य नाही.

वाचकांनी बसल्या जागी क्षणभर श्वास कोंडून पाहावा. थोड्याच वेळात जीव कासावीस होतो. का बरे? प्राणवायू संपत आला म्हणून, असे पुष्कळ हुशार मुलेही सांगतात. वस्तुतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, रक्ताची आम्लता वाढते आणि मेंदूतील लंबमज्जेस त्याची वर्दी पोहोचते. प्राणवायूच्या उणिवेचा या कामी वाटा अल्प असतो. पाठ्यपुस्तकात हा मजकूर प्रकरणाच्या शेवटाकडे थोडक्यात येतो, आणि तेथवर पोहोचेतो मुले थकलेली असतात!

आता उन्हाळ्याच्या सुटीतील विहीर डोळ्यांपुढे आणावी. पाण्याखाली अधिक वेळ कोण राहतो, अशी पैज लागते. बुडीपूर्वी भराभर दीर्घ श्वास घेतले की अधिक वेळ राहता येते, ही मुलांची जुनी युक्ती. राहता येते हे खरे. पण प्राणवायूचा मोठा साठा झाला म्हणून नव्हे. रक्तातील हिमोग्लोबिन आधीच प्राणवायूने जवळजवळ भरलेले असते. भराभर श्वासांनी कार्बन डायऑक्साइड तेवढा बाहेर जातो, आणि त्यामुळे वर्दी उशिरा पोहोचते. इकडे प्राणवायू मात्र खर्च होतच असतो. मग जीव कासावीस होण्यापूर्वीच शुद्ध हरपते, आणि पट्टीचा पोहणाराही आवाज न करता तळाशी जातो.

पालकांनी मुलांस ५०० चा आकडा अवश्य विचारावा. पण सुटीत गावी निघण्यापूर्वी विहिरीचा हा प्रश्नही विचारावा, आणि कारणासह उत्तर मिळेपर्यंत त्यांस पाण्यात उतरू देऊ नये.