रक्ताचे नाते कोणाशी?

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघाले, की घाट चढून गाडी मांजरसुंब्याला येते. येथे वाटा फुटतात. एक केज-अंबाजोगाईकडे, एक पाटोद्याकडे, तर एक चौसाळ्यावरून सोलापूरकडे. जवळच कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी. कार्तिकात यात्रेकरूंची रीघ लागते आणि त्याच सुमारास ऊसतोडणीला निघालेली कुटुंबे बिऱ्हाडासकट या रस्त्यांवरून जातात. वाहनांची एवढी वर्दळ पाहिली, की मनात एक शंका आल्याशिवाय राहत नाही.

समजा, घाटात जीपला अपघात झाला. जखमींना बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात नेले. भाऊ, मेहुणा, चुलता धावत येतात. ‘पाहिजे तेवढं आमचं रक्त घ्या, डॉक्टर!’ त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण त्या घटकेला त्यांचे रक्त फारसे उपयोगी पडत नाही. काढलेल्या रक्ताची एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ, गुप्तरोग, मलेरिया यांसाठी तपासणी व्हावी लागते आणि तिला वेळ लागतो. जीव वाचतो तो रक्तपेढीच्या फ्रिजमध्ये आधीच तयार असलेल्या पिशवीने. ती देणारा कोण, हे रुग्णाला कधीच कळत नाही.

आपण ‘रक्ताचे नाते’ म्हणतो. पण रक्त नाते पाहत नाही, गट पाहते. कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने 1901 मध्ये हे दाखवून दिले. तांबड्या पेशीवर ‘ए’ नावाची खूण असेल तर गट ए, ‘बी’ असेल तर बी, दोन्ही असतील तर एबी आणि एकही नसेल तर ओ. जी खूण आपल्याजवळ नाही, तिच्याविरुद्धचे पहारेकरी आपल्या रक्तद्रवात असतात. चुकीच्या गटाचे रक्त चढवले, तर ते परक्या पेशींवर तुटून पडतात, पेशी फुटतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पुढे 1940 मध्ये आर-एच घटक उमगला. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणतो ते हेच. म्हणून गट जुळला तरी पिशवीतले रक्त रुग्णाच्या रक्ताशी पुन्हा ताडून पाहतात.

बाप एबी आणि आई ओ असेल, तर मूल सहसा ए किंवा बी गटाचे निघते, म्हणजे दोघांपैकी कोणाच्याही गटाचे नाही! तेव्हा आईचे रक्त लेकराला चालतेच, हा समज मनातून काढून टाकावा. आई आर-एच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर पुढच्या बाळंतपणातल्या बाळाला धोका संभवतो. गरोदरपणात आणि प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत दिलेल्या इंजेक्शनने तो टाळता येतो. सुनेचा गट पहिल्या तिमाहीतच तपासून घेणे, हे घरच्या वडीलधाऱ्यांचे काम आहे.

या शास्त्रात महाराष्ट्राचेही नाव आहे. 1952 मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले, की ज्याला ओ गटाचेसुद्धा चालेना. ओ गटाच्या पेशींवर असणारी ‘एच’ ही मूळ खूणच त्यात नव्हती. जगाने त्याला ‘बॉम्बे गट’ म्हटले. साध्या चाचणीत तो ओ वाटू शकतो, पण अशा माणसाला त्याच गटाचे रक्त लागते. हा गट आई-बाप दोघांकडून मिळून येतो, म्हणून नात्यात लग्ने होणाऱ्या कुटुंबांत त्याची शक्यता वाढते. अशा माणसाच्या सख्ख्या भावंडांचा गट आधी तपासून पाहावा. तिथे जुळला नाही, तर त्याचा सोयरा दूरच्या गावचा अनोळखी माणूसच.

रक्त विकणाऱ्या धंदेवाईकांवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1998 पासून बंदी आली, हे चांगले झाले. आता उरतो तो आपला प्रश्न. आपल्याकडे शिबिरे पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना आणि जयंत्यांना होतात. फलक लागतात, पिशव्या भरतात. पण तांबड्या पेशी साठवणीत 35 ते 42 दिवसच टिकतात, प्लेटलेट्स तर जेमतेम पाच. एका दिवसाचा महापूर महिन्या-दीड महिन्यात आटतो. मग उन्हाळ्यात कॉलेजे बंद असतात, हंगामात तरणीताठी माणसे कारखान्यावर गेलेली असतात. अपघात आणि बाळंतपणे मात्र कॅलेंडर पाहून येत नाहीत.

माझे म्हणणे एवढेच, की मोठ्या शिबिराचा हट्ट सोडावा. पंचक्रोशीतल्या गावांनी महिने वाटून घ्यावेत. या महिन्यात आमचे वीस जण, पुढच्या महिन्यात तुमचे. निरोगी पुरुषाला दर तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी रक्त देता येते. वय अठराच्या वर, वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा हवे. आपल्या आयाबहिणींपैकी अनेकींचे ते भरतही नाही. त्यांनी रक्त देण्याआधी त्यांच्या ताटाची काळजी घरानेच घ्यायला हवी.

मांजरसुंब्याच्या चौकात चहा पिताना शेजारच्या बाकावरच्या माणसाचे नाव-गाव आपण विचारत नाही. उद्या कदाचित त्याच्याच रक्तावर आपले लेकरू जगेल, किंवा आपल्या रक्तावर त्याचे. रक्ताचे खरे नाते हेच.