आवृत्ती जुळेना

पौडला परवा दोन मावसभावंडं एकाच खोलीत, एकाच हॉटस्पॉटवर माइनक्राफ्ट खेळायला बसली आणि एकाचं जग दुसरीला उघडेचना. तो हिंजवडीचा, तिथे वायफायवर अपडेट रातोरात उतरतं. ती ताम्हिणीकडच्या वाडीतली, डोंगराआड रेंज आली तर आली. पोरं हॉटस्पॉट बंद-चालू करत राहिली, दोष तिथे नव्हताच; दोन फोनांवर खेळाच्या आवृत्त्याच वेगळ्या होत्या. खेळाच्या मुख्य पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आवृत्तीचा आकडा असतो, तो आधी दोन्ही फोनांवर ताडून पाहावा. मागे राहिलेला फोन प्ले स्टोअरवरून अपडेट करावा, जागा नसेल तर जुने व्हिडिओ उडवावेत. पुढे गेलेला फोन मागे आणायला भलत्याच साइटवरून एपीके मात्र उतरवू नये. आणि बॅकअप न घेता खेळ काढून टाकलात, तर पोरांनी खपून बांधलेली घरंही जातील. कुठलाही ऑनलाइन खेळ असो, नवी आवृत्ती आल्यावर जुनीशी निदान महिनाभर खेळता आलंच पाहिजे. रेंज नसलेल्या वाडीतलं पोरही गिऱ्हाईकच आहे. तोवर, सुट्टीला गावी निघणाऱ्यांनो, ऑटो-अपडेट बंद ठेवा आणि आधी तिकडच्या भावंडांना आकडा विचारा.