मूल सोबत आहे, असें समजून

सन 2025 च्या मार्च महिन्यांत ‘अ‍ॅडॉलेसन्स’ ही चार भागांची इंग्रजी मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि इंग्लंडांत घरोघरीं तिची चर्चा झाली. आरंभींच पोलीस सकाळीं एका घराचें दार फोडून आंत शिरतात व जेमी मिलर या तेरा वर्षांच्या मुलास, शाळेंतील एका मुलीच्या खुनाच्या संशयावरून, धरून नेतात. खून कोणी केला, हें कोडें पहिल्याच भागाच्या अखेरीस सुटतें. उरतें तें अधिक अवघड कोडें: असें कां झालें?

बाप नळकाम करणारा, कष्टाळू, आई प्रेमळ. मुलगा रात्रीं आपल्या खोलींत आहे, म्हणजे सुखरूप आहे, असें दोघांनीं मानिलें. परंतु त्या खोलींत एक पडदा होता व त्यांतून स्त्रीद्वेष शिकविणारे गुरु आंत येत होते. तपास करणाऱ्या अधिकाऱ्यासही मुलांच्या संदेशांतील चिन्हांचा अर्थ कळत नाहीं. त्याच शाळेंत शिकणारा त्याचा मुलगा तो त्यास समजावून देतो. आम्हांस हाच प्रसंग सर्वांत बोधप्रद वाटला.

ही विलायतेंतील गोष्ट, तिच्याशीं आमचा काय संबंध, असें कोणी म्हणेल. आमच्या किनाऱ्यावर कोणाचा बाप कित्येक दिवस दर्यावर असतो, कोणाचा मांडव्याहून मुंबईस कामाला जातो. आई पहांटेच मासळीची पाटी घेऊन बाहेर पडते. मुलगा शाळेंतून येऊन मोबाईल घेऊन कोपऱ्यांत बसला, म्हणजे ‘पोर घरांत आहे’ एवढ्यावर आम्ही निर्धास्त होतों. पावसाळ्यांत मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात, बाप घरीं असतो. पण त्या दिवसांत तरी बापलेकांचें बोलणें किती होतें, हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें.

लूकच्या शुभवर्तमानांत बारा वर्षांच्या येशूची हकीकत आहे. वल्हांडण सणाहून परततांना, मुलगा सोबतच्या मंडळींत असेल, असें समजून योसेफ व मरीया एक दिवसाची वाट चालून गेलीं. तो तेथें नव्हता. तीं परत फिरलीं, आणि तीन दिवसांनीं तो मंदिरांत गुरुजनांमध्यें बसून त्यांचें ऐकतांना व त्यांस प्रश्न विचारतांना सांपडला. अशा सात्त्विक आईबापांचीही समजूत चुकली, तेथें आमची काय कथा? तो मुलगा निदान चांगल्या गुरूंपाशीं बसला होता. आमचीं मुलें कोणापाशीं बसलीं आहेत?

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव या गांवानें 2022 सालीं एक उपाय योजिला. सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजला, कीं दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद ठेवावयाचे. उपाय स्तुत्य आहे; परंतु भोंगा पडदा बंद करूं शकतो, संभाषण सुरू करूं शकत नाहीं. तें काम आईबापांचेंच. मोबाईल हिसकावून घ्या, असेंही आमचें म्हणणें नाहीं. मुलीनें नकार दिला असतां तो शांतपणें कसा सोसावा, हें मुलास घरांत कोणी शिकविलें नाहीं, तर बाहेर भलताच कोणी भलतेंच शिकवील, एवढेंच आमचें सांगणें आहे. या दोषांतून आम्ही शिक्षकही मुक्त नाहीं. हजेरीच्या वेळीं मूल वर्गांत आहे, एवढेंच आम्हीही पाहतों.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यास पायीं जावयाचें, तर ओहोटीची वेळ साधावी लागते. भरती आली, कीं वाट बुडते. मुलांच्या मनाकडे जाणारी वाटही अशीच थोडा वेळ उघडी असते. पालकांनीं ती वेळ दवडूं नये.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या संदेशांतील चिन्हें आईबापांस कळलीं नाहींत, तर त्यांस हंसूं नका. त्या अधिकाऱ्याच्या मुलाप्रमाणें जवळ बसून तीं समजावून सांगा.