आजीच्या डब्यांतील पावल्या

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं आजीचा पितळी डबा उघडला, तेव्हां त्यांतून चाळीस पावल्या निघाल्या. त्यांचें देवघरासाठीं निरांजन घडवावें, असा धाकट्या सूनबाईंचा मनोदय. चारी भावांत सारखी वांटणी व्हावी, असें मोठ्या वहिनींचें म्हणणें. सराफानें सगळ्या एकाच पारड्यांत घातल्या आणि एकच दर सांगितला. आम्हीं डबा परत घरीं आणला.

कारण या कामीं कांट्याची साक्ष उपयोगी पडत नाहीं. १८३५ सालापासून कंपनी सरकारचा व पुढें राणी सरकारचा रुपया एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन वजनाचा, आणि पावली तीन माशांची. आजच्या मापानें २.९२ ग्रॅम. तींत बारा भागांपैकीं अकरा भाग चांदी, एक भाग हीण. १९४० सालीं युद्धाच्या निकडीपायीं चांदीचें प्रमाण निम्म्यावर आणलें गेलें. वजन मात्र तेंच ठेविलें! तेव्हां चाळीस पावल्या जुन्या असोत वा नव्या, भरतील दहा तोळेच. पण जुन्यांत शुद्ध चांदी नऊ तोळे दोन मासे, नव्यांत अवघी पांच तोळे. म्हणून १९३९ पर्यंतच्या पावल्या एकीकडे व १९४१ ते १९४५ च्या दुसरीकडे काढाव्या. १९४० ची असल्यास कस लावून घ्यावा. १९४६ व १९४७ ची वाघाच्या चित्राची पावली निव्वळ निकेलची. पहिल्या महायुद्धामुळें चांदीची टंचाई पडून १९१९ ते १९२१ सालचीं पाकळीदार कडेचीं चार आणे निघाले होते, त्यांतही चांदी नाहीं.

संग्राहकाची दृष्टि याहून निराळी. तो चांदी तोलीत नाहीं. मुखवट्यावरील केंसांच्या रेषा झिजल्या आहेत कीं शाबूत, हें भिंगांतून पाहतो. पंचम जॉर्जच्या नाण्यावर सालाखालीं बारीक ठिपका असला तर तें मुंबईच्या टांकसाळीचें. १९४३ पासून लाहोरचें रोमन ‘एल्’ अक्षरही आढळतें. एकाच सालच्या दोन नाण्यांची किंमत एवढ्या खुणेनेंही बदलते. शंभर वर्षांहून जुनें नाणें परदेशीं पाठविण्यास १९७२ च्या कायद्यानें मनाई आहे, हें परदेशस्थ आप्तांस भेट देऊं इच्छिणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आणि नाणें घासूं नये! काळवंडलेला थर त्याचें वय सांगतो. चिंच व रांगोळी लावून तो काढला कीं चकाकी येते, पण संग्राहक तोंड फिरवितो. आमच्या घरीं हें कळण्यापूर्वींच सहा पावल्या देवाच्या भांड्यांबरोबर लख्ख झाल्या होत्या. सुदैवानें १८४० सालची, राणीच्या तरुण मुखवट्याची एक त्यांतून वांचली.

निरांजन नव्या पावल्यांचें व्हावें व बाकीच्यांची वांटणी सालें पाहून करावी, असें आतां ठरलें आहे. त्या घासलेल्या सहा कोणाच्या वांट्यास जावयाच्या, याविषयीं मात्र दोघी जावांत अद्याप अबोला आहे.