काच मागची, प्रश्न आपले

आपल्याकडे गाडीच्या मागच्या काचेवर काय काय लिहिलेलं असतं! कुणी ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ लिहितं, कुणी कुलदैवताचं नाव, कुणी लेकरांची नावं. कुणी तर लाडक्या पुढाऱ्याचा अख्खा फोटोच चिकटवतं. मागून येणाऱ्याला घराण्याचा सगळा इतिहास त्या काचेवर वाचायला मिळतो. पण ती काच कसली आहे, तिच्यात काय काय बसवलेलं आहे, ती फुटली तर काय करायचं, हे मात्र घरात फारसं कुणाला ठाऊक नसतं.

आणि मग एक दिवस ती फुटते. आमच्या डाळजवरून पुणे-सोलापूर महामार्ग जातो. भिगवणपासून इंदापूरपर्यंत बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा अशा मोठ्या गाड्या आता वस्तीवस्तीवर दिसतात. शेतकऱ्याच्या घरची गाडी म्हणजे नुसती फिरायची गाडी नसते. ठिबकच्या नळ्या, खताची पोती, दुधाच्या किटल्या, लग्नाचा आहेर, सगळं तिच्यातच. डिकीत नळी आडवी-तिडवी राहिली आणि मागचा दरवाजा जोरात आपटला, की काच गेली. गाडी मागे घेताना बाभळीची फांदी लागली, की गेली. उसाच्या ट्रॉलीला खेटून गाडी लावली आणि मोळीचं टोक लागलं, तरी गेलीच. मग घरातली पुरुषमंडळी फोन लावतात आणि एकच प्रश्न विचारतात, “काच कितीला बसेल?” आपण मध्ये काही बोलायला जावं तर उत्तर ठरलेलं, “तुला काय कळतंय गाडीतलं?”

मैत्रिणींनो, गाडीतलं कळत नसेलही. पण गाडीत कोण कुठे बसतं, हे आपल्याइतकं कुणाला कळतं? पुढे घरचा कर्ता, मधल्या सीटवर पाहुणे आणि वडीलधारे, आणि सगळ्यात मागे पोरंसोरं, आपण बायका आणि मांडीवर डबे. तुळजापूरला जा नाहीतर पंढरपूरला, बसायची रीत हीच. बोलेरोसारख्या गाडीत तर मागची बाकं समोरासमोर असतात आणि लेकरांची डोकी त्या काचेला टेकलेली असतात. मग त्या काचेबद्दलचे प्रश्न आपण नाही विचारायचे तर कुणी विचारायचे?

माझं म्हणणं एवढंच आहे. ‘कितीला बसेल’ हा प्रश्न जरूर विचारावा, पण तो सगळ्यात शेवटी.

सगळ्यात आधी विचारायचं, काच कोणत्या जातीची आहे? गाडीला साधारण दोन प्रकारच्या काचा असतात. पुढची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा घालून केलेली. खडा लागला तर ती तडकते, पण तुकडे पापुद्र्याला धरून राहतात. मागची काच बहुतेक गाड्यांत वेगळी असते. तिला टफन काच म्हणतात. काच सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर एकदम गार हवेचा झोत मारतात. त्यामुळे ती कणखर होते, आणि फुटलीच तर तिचा खडीसाखरेसारखा चुरा होतो, सुरीसारखी लांब पाती होत नाहीत. म्हणूनच पुढच्या काचेवरचा बारीक टवका कधीकधी भरून घेता येतो, पण मागची काच फुटली की ती बदलावीच लागते.

आता यातली खरी गोम ऐका. टफन काच एकदा तयार झाली की ती कापता येत नाही. कापायला गेलं की तिचा चुरा होतो. म्हणून कुणी म्हणालं, “ताई, कशाला कंपनीची काच? माप द्या, कापून बसवतो, निम्म्यात काम होईल,” तर समजायचं की तो खिडकीच्या तावदानाची साधी काच बसवतोय. ती दिसायला तशीच दिसते, पण फुटली तर तिची पाती होतात. आणि ती पाती कुणाच्या मानेजवळ असतात, हे वेगळं सांगायला नको. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०० वा नियम स्पष्ट सांगतो की गाडीच्या पुढच्या काचेला आणि खिडक्यांना सुरक्षा काचच हवी. म्हणजे हा हौसेचा नाही, कायद्याचा प्रश्न आहे.

ओळखायचं कसं? गाडीच्या कुठल्याही शाबूत काचेचा कोपरा नीट बघा. तिथे बारीक अक्षरांत छाप असते. काच बनवणाऱ्याचं नाव आणि मानकाची खूण त्यात असते. भारतात सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ हे मानक आहे. नवी काच बसवायच्या आधी, हो, आधीच, तिच्या कोपऱ्यात अशी छाप आहे का ते बघायचं आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायचा. छाप नसेल तर काच परत. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. ‘चांगली काच शोरूममध्येच मिळते’ हा समज खरा नाही. गाड्यांना काच पुरवणाऱ्या कंपन्या स्वतःच्या नावाने बाजारातही काच विकतात. आपल्याच पुणे जिल्ह्यात, चाकणजवळच्या कुरुळीत, सेंट-गोबेन सेकुरिटचा गाड्यांच्या काचांचा कारखाना आहे. छाप असलेली बाजारातली काच स्वस्त पडत असेल तर ती खुशाल घ्यावी. स्वस्त काचेला माझा विरोध नाही, बेनामी काचेला आहे.

दुसरा प्रश्न, ही काच आपल्याच गाडीची आहे का? हसू नका! एकाच नावाच्या गाडीचे तीन-चार प्रकार असतात. एकाला मागे वायपर असतो, दुसऱ्याला नसतो. एकाच्या काचेत तांबूस बारीक रेघा असतात, दुसऱ्याची काच कोरी. त्या रेघा शोभेच्या नाहीत. तो डिफॉगर आहे. बटण दाबलं की त्या तारा तापतात आणि काचेवरचं धुकं, दव उडून जातं. आमच्याकडे उजनीच्या पाण्याकडून हिवाळ्यात पहाटे असं काही धुकं येतं की मागचा ट्रक दिसत नाही. तेव्हा त्या रेघांची किंमत कळते. काही गाड्यांत रेडिओची तारही काचेतच असते. म्हणून काच मागवताना नुसतं गाडीचं नाव सांगू नका. आरसी बुकावरचा चासी नंबर द्या, फुटायच्या आधीचा मागच्या बाजूचा एखादा फोटो असेल तर तो दाखवा. वायपरचं भोक, डिफॉगरची जोडणी, वरचा ब्रेकचा दिवा, हे सगळं जुळतंय का ते आधी विचारा. आमच्या बचत गटातल्या एका ताईंच्या गाडीला अशीच कोऱ्या रेघांची काच बसवून दिली गेली. काम झालं, पैसे दिले, आणि थंडीत बटण दाबल्यावर कळलं की तापायला काही नाहीच!

तिसरा प्रश्न बसवण्याचा. काही जुन्या गाड्यांत काच रबराच्या बीडिंगमध्ये बसते, बऱ्याच नव्या गाड्यांत ती चिकटवतात. बीडिंग असेल तर जुनं रबर कडक झालंय का, नवं घालणार का, ते विचारा. चिकटवणार असतील तर जुना डिंक नीट खरवडणार का, पत्र्याला गंज असेल तर त्याचं काय करणार, आणि सुकायला किती वेळ लागणार, हे विचारा. वेळ त्या डिंकावर आणि हवामानावर अवलंबून असतो. चांगला मिस्त्री आपणहून सांगतो की इतके तास गाडी हलवू नका, इतके दिवस पाण्याचा फवारा मारू नका. डिंक ओला असताना दरवाजे आपटायचे नाहीत, एखादी खिडकी थोडी उघडी ठेवायची. नाहीतर आतल्या हवेच्या दाबाने काच जागची हलते. आणि हो, काचेचा चुरा! सीटच्या फटीत, गालिच्याखाली, दरवाजाच्या खोबणीत तो महिनोन्‌महिने निघत राहतो. “व्हॅक्यूम मारून देणार ना?” हे ठरवतानाच विचारून घ्यायचं. लेकरं अनवाणी चढतात गाडीत.

काच मिळेपर्यंत काय करायचं, हा चौथा प्रश्न. बारामतीहून नाहीतर पुण्याहून काच यायला दोन-चार दिवस लागतात. तोवर प्लॅस्टिकचा कागद चिकटवून गाडी पळवली जाते. यातला एक धोका फारसा कुणी सांगत नाही. गाडी धावत असताना मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि मागची बाजू उघडी असेल तर सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. गाडी न्यावीच लागली तर पुढच्या खिडक्या उघड्या ठेवा, आणि मागच्या सीटवर लेकरं नि म्हातारी माणसं नकोतच.

आता पैशाकडे येऊ. विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर आपल्या काचेचे पैसे मिळत नाहीत. पूर्ण विमा असेल तर मिळतात, आणि काचेच्या भागावर घसारा कापत नाहीत, हे लक्षात ठेवा. रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के कापला जातो. शिवाय प्रत्येक दाव्यात ठरावीक रक्कम आपल्याला सोसावी लागते. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १,००० रुपये, त्यावरच्या गाडीला २,००० रुपये. दावा करायचा तर काच बदलण्याआधी कंपनीला कळवायला हवं.

पण दावा करावा का? इथे आपली घरखर्चाची वही कामाला येते. दावा न केलेल्या वर्षांबद्दल हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० टक्क्यांपर्यंत. एक दावा केला की साधारणपणे ही सूट पुढच्या वर्षी शून्यावर येते. समजा काचेचा खर्च ६,००० रुपये आणि गाडी मोठी. २,००० वजा जाता हाती आले ४,०००. गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता समजा १२,००० आणि पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट मिळणार होती. म्हणजे ५,४०० रुपये गेले! चार हजारांसाठी चोपन्नशे घालवायचे, आणि सूट पुन्हा पहिल्या पायरीपासून. काच वीस हजारांची असेल तर हिशेब उलटा होतो. काही पॉलिसींत जादा पैसे भरून ही सूट राखता येते, तेही विचारून घ्या. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपल्याला हा हिशेब जमणार नाही का?

शेवटचं, पक्कं बिल. त्यावर काचेचं नाव, मजुरी वेगळी, आणि पाणी गळलं तर किती दिवस मोफत दुरुस्ती, हे लिहून घ्या. गाडी ताब्यात घेताना डिफॉगर, वायपर, ब्रेकचा दिवा लावून बघा. डिंक सुकल्यावर एकीने आत बसायचं आणि दुसरीने पाइपने पाणी मारायचं. गळती लगेच कळते. त्यातूनही फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

आणि नव्या काचेवर काळी फिल्म लावायची हौस असेल तर आधीच आवरा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी आणली. नंतर नियमांत काही बदल झाले, तरी मागच्या काचेतून निदान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, ही अट कायम आहे.

गॅरेजवाले सगळे फसवतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक चांगल्या मिस्त्रीला आवडतं, त्याच्या कामाची कदर होते. अडचण आपलीच आहे. डॉक्टरला विचारायला आपण शिकलो, शाळेत मास्तरांना विचारायला शिकलो, बँकेत बचत गटाचा हिशेब मागायला शिकलो. गॅरेजच्या दारात मात्र अजून गाडीतच बसून राहतो, काच खाली करून वाट बघत. गाडीच्या हप्त्यात आपल्या दुधाचे, शिलाईचे, गटाच्या कर्जाचे पैसे असतात. मग उतरायला संकोच कसला?

पुढच्या वेळी घरातल्या कुणाची गाडी काचेसाठी निघाली, तर सोबत जा. मागची सीट आपली आहे, तेव्हा तिच्यामागची काच कोणती बसतेय, हे बघूनच घरी या. आणि नवी काच बसली की तिच्यावर नावं जरूर लिहा, फक्त डिफॉगरच्या रेघा आणि मागचं दिसायची जागा तेवढी सोडून!